खोकल्याची चौकशी



खोकला हा आपल्या घरांतला इतका जुना पाहुणा आहे कीं, त्याच्या येण्याची कोणी फारशी दखल घेत नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं तो येतो, थंडींत रेंगाळतो, आणि आल्याच्या रसानें, ज्येष्ठमधानें वा काढ्यानें त्याची बोळवण करण्याची रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. बहुधा तो जातोहि. परंतु जो जात नाहीं त्याची नीट चौकशी कशी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. कारण त्याच्या आड क्वचित् फुप्फुसाचा कर्करोग दडलेला असतो.

हा रोग एके काळीं फार दुर्मिळ मानला जात असे. न्यूयॉर्कचे डॉक्टर आयझॅक ॲडलर यांनीं १९१२ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हां त्यांना अवघीं ३७४ उदाहरणें एकत्र करतां आलीं. २०२२ सालीं मात्र जगांत सुमारें २५ लाख लोकांना हा रोग जडला व सुमारें १८ लाख लोक त्यानें दगावले. मधल्या काळांत सिगारेट घरोघर पोंचली, हें याचें मुख्य कारण होय. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संशोधकांनीं १९५० सालीं हा संबंध रुग्णांच्या पाहणीनें दाखवून दिला. आपली विडी देशी आहे म्हणून ती सौम्य आहे, असें मानण्यास कांहींहि आधार नाहीं.

तथापि “आमच्या घरांत कोणी ओढीत नाहीं” एवढ्यानें निर्धास्त होतां येत नाहीं. दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूर, चुलींतल्या लाकूड-कोळशाचा धूर आणि शहरांतील दूषित हवा हींहि याचीं कारणें आहेत. जन्मांत तंबाखूला न शिवलेल्या माणसांना, विशेषतः स्त्रियांना, हा रोग झाल्याचीं उदाहरणें आपल्या देशांत थोडीं नाहींत.

या रोगाचा कपटीपणा फुप्फुसाच्या रचनेंत आहे. फुप्फुसाच्या गाभ्याला वेदनेची जाणीव नसते. ती असते त्याच्यावरील पातळ आवरणाला. त्यामुळें आंत गांठ वाढत असतां माणूस कामाला जातो, जेवतो, झोंपतो. छातींत दुखूं लागतें तेव्हां रोग बहुधा बराच पुढें गेलेला असतो. तोंपर्यंत तक्रार काय ती खोकल्याचीच!

आपल्याकडे याला आणखी एक अडचण येऊन मिळते, ती क्षयाची. दोन्ही रोगांत खोकला असतो, बेडक्यांत रक्त दिसतें, वजन घटतें; क्ष-किरणांच्या चित्रांत दोहोंचीहि छायाच उमटते. आपल्या देशांत क्षय फार, म्हणून छाया दिसतांच मन क्षयाकडे धांवतें. पूर्वीं या नांवानें घर हादरत असे. आज क्षय औषधांनीं बरा होतो, म्हणून “क्षयच आहे” हें ऐकून घरचीं माणसें उलट सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि पुढें कांहीं विचारीत नाहींत. सहा महिने औषध चालतें, रोगी वाळत जातो, आणि ज्या काळांत गांठ कापून काढतां आली असती तोच काळ हातचा निघून जातो.

मग करावें काय? दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला डॉक्टर दाखवावा. बेडका तपासून घ्यावा. त्यांत क्षयाचे जंतु सांपडले तर उपचार निष्ठेनें पुरा करावा. मात्र जंतु न सांपडतां केवळ छायेवरून औषध सुरू झालें असेल, आणि कांहीं आठवड्यांत उतार पडला नाहीं, तर औषध आपल्या मनानें बंद न करतां डॉक्टरांना पुन्हा विचारावें : दुसरें कांहीं असूं शकेल काय? असें विचारण्यांत त्यांचा अवमान नाहीं. सीटी स्कॅन करून व गांठीचा बारीकसा तुकडा काढून तो तपासल्यावांचून कर्करोगाचा निर्णय होत नाहीं. मुंबईस परळ येथें १९४१ सालापासून असलेल्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणीं ही सोय आहे. पण तेथें वेळेवर पोंचावयास हवें.

वर्षानुवर्षें ओढणाऱ्यांचा खोकला तर घराच्या अंगवळणींच पडलेला असतो. तेथें लक्ष ठेवावें तें बदलावर. खोकल्याचा आवाज वेगळा वाटूं लागला, गळा बसला तो सुटेना, जिना चढतांना दम लागूं लागला, न्यूमोनिया एकाच जागीं पुन्हा पुन्हा झाला, तर हा बदल रोग्याच्या आधीं घरांतल्यांनाच कळतो. तो त्यांनीं बोलून दाखवावा.

व्यसन सोडण्यास उशीर झाला, असेंहि कोणी म्हणूं नये. डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ब्रिटिश डॉक्टरांवर ५० वर्षें नजर ठेवून २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिसाव्या वर्षीं सिगारेट सोडणाऱ्यांस सुमारें १० वर्षांचें, पन्नासाव्या वर्षीं सोडणाऱ्यांस ६ वर्षांचें आणि साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यांसहि ३ वर्षांचें आयुष्य अधिक लाभतें, असें त्यांना आढळलें.

रोग झाला म्हणजे “ओढीत होता, भोगतो आहे” असें बोलून मोकळें होणारे पुष्कळ असतात. त्या बोलण्याच्या भीतीनेंच कित्येक रोगी आपला खोकला लपवितात. दोष कोणाचा, हा वाद पुढें केव्हांहि घालतां येईल. आपल्या घरांत कोणाचा खोकला किती दिवसांचा आहे, याचा हिशेब मात्र आजच करावा.