धूळ मोजणाऱ्या यंत्राचे माप

(सदाशिव पेठेत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उसाच्या वजनकाट्यावरून महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी आंदोलने केली आहेत. मापात पाप त्यांना कळते, कारण ऊस डोळ्यांना दिसतो. फुप्फुसात जाणारी बारीक धूळ दिसत नाही. म्हणून तिच्या मापाचा जाब सहसा कोणी विचारत नाही. सदाशिव पेठेतील जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. तेथे भिंती फोडणारा बिगारी आणि काँक्रीट कापणारा कारागीर यांच्या नाकाशी जी धूळ असते, तिचा आकडा शहराच्या हवेच्या तक्त्यात येत नाही.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. पंप हवा ओढतो, धूळ गाळणकागदावर अडकते, कागद आधी आणि नंतर तोलला जातो व वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागले जाते. घोटाळा सुरू होतो तो यंत्राच्या तोंडाशी. खळ्यावरची उफणणी ज्याने पाहिली असेल, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही : भुसा वाऱ्याबरोबर जातो, दाणा जात नाही. वाऱ्याकडे तोंड असलेले यंत्र वाऱ्यापेक्षा मंद गतीने हवा ओढत असेल, तर बरीचशी हवा तोंडाला वळसा घालून निघून जाते. तिच्यातील जड कण मात्र सरळ आत शिरतात आणि धूळ खरीपेक्षा अधिक भरते. यंत्राची ओढ वाऱ्याहून जोरकस असेल तर ती कमी भरते. म्हणून यंत्राची परीक्षा वाऱ्याच्या बोगद्यात घेतात. ठराविक आकाराचे कण सोडायचे, वाऱ्याच्याच वेगाने हवा घेणाऱ्या नळीत किती आले आणि यंत्रात किती आले, यांचे गुणोत्तर काढायचे. ‘दहा मायक्रॉन’ हे चाळणीचे भोक नव्हे. त्या आकाराचे निम्मे कण आत घेतले जातात व निम्मे वगळले जातात, एवढाच त्याचा अर्थ.

१९९४ च्या भारतीय मानकांत एकूण तरंगत्या धुळीला स्थान होते. ती पकडणाऱ्या छपरी यंत्राची वरची सीमा वाऱ्याचा वेग व दिशा यांप्रमाणे २५ पासून ५० मायक्रॉनपर्यंत सरकत असे. वारा बदलला की मोजपट्टीच बदलली! २००९ मध्ये ते माप वगळून १० आणि २.५ मायक्रॉनचे निकष ठेवले गेले, हे योग्यच झाले.

तरीही हवेच्या प्रवाहाचा प्रश्न उरतोच. समजा, यंत्र सुरुवातीला मिनिटाला १.२ घनमीटर हवा ओढते आणि कागद धुळीने भरत जाऊन शेवटी ओढ १ घनमीटरवर येते. हिशेबात १.२ चाच आकडा धरला, तर प्रत्यक्षात १०८ मायक्रोग्रॅम असलेली धूळ ९९ नोंदली जाते. चोवीस तासांची मर्यादा १०० आहे. कोणी लबाडी केली नाही, कोणी लाच घेतली नाही, आणि हवा कागदोपत्री शुद्ध झाली. शिवाय प्रवाह मंदावला की कणांच्या निवडीची सीमाही सरकते. एक चूक दुसरीची भरपाई करील, याची हमी नाही.

स्वारगेट किंवा नळस्टॉप येथील केंद्राचा आकडा नागरिकांच्या हवेसाठी असतो. कामगारासाठी छोटा पंप कमरेला आणि सॅम्पलर गळपट्टीला लावून पूर्ण पाळीची धूळ घ्यावी लागते; त्यात निम्म्याची सीमा सुमारे ४ मायक्रॉनची असते, कारण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते ती तीच धूळ. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनीय धुळीची मर्यादा तिच्यातील क्वार्ट्‌झच्या प्रमाणावर बसवलेली होती : त्या टक्केवारीत २ मिळवून १० ला भागायचे. धुळीत १८ टक्के क्वार्ट्‌झ असेल, तर घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम. एवढ्या सूक्ष्म वजनात पंपाची ढिलाई कशी खपावी?

बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकामखर्चावर उपकर घेण्याचा कायदा १९९६ मध्ये झाला. त्या पैशातून असे पंप घेता येतील. कंत्राटदाराने धुळीचा अहवाल दाखवला, तर कार्यकर्त्यांनी आकड्याआधी पाळीपूर्वीच्या आणि पाळीनंतरच्या प्रवाहाची नोंद मागावी, आणि पंप त्या दिवशी कोणाच्या कमरेला होता, हेही विचारावे. ब्रेकर चालवणाऱ्याच्या की फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या?