पांढरीची राखण



घोड नदीकाठच्या इनामगावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. शंभराहून अधिक घरे, चुली, धान्याच्या कणग्या, पाण्याचा पाट उजेडात आला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ही बखरच!

परंतु जुन्या वस्तीची पांढरी माती गाड्या भरून शेतात गेली, की अशी बखर कायमची पुसली जाते. म्हणून आम्ही कामगार म्हणतो, सरकारने विद्यापीठांना अनुदान द्यावे. मात्र ते केवळ उत्खननापुरते नसावे. आधी गावोगावची पाहणी, मग राखणदाराचा पगार आणि कुदळ चालविणाऱ्याची पुरी मजुरी त्यात धरावी. कष्टकऱ्यांचा इतिहास कष्टकऱ्यांना उपाशी ठेवून राखता येणार नाही.