वाट विचारणाऱ्याचा नकाशा



विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्याला वाट दाखवणारे ॲप कसे असावे, हा आपल्या परिषदेचा विषय. त्याबद्दल माझे एकच म्हणणे आहे. आपण नकाशा इमारतींचा काढतो आणि विद्यार्थी आलेला असतो काम घेऊन.

पुण्याचे उदाहरण घेऊ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर ४११ एकरांचा आहे. मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होती. विद्यापीठाची स्थापना १९४९ची. म्हणजे ही जागा मुळात विद्यापीठासाठी आखलेलीच नव्हती. विभाग वाढले, तशा गर्द झाडीत इमारती उभ्या राहिल्या. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनाही काही वेळा कागदपत्रांसाठी इथे यावे लागते. अकोले किंवा सुरगाणा तालुक्यातून पहाटेच्या एसटीने निघालेल्या मुलीला मायग्रेशन सर्टिफिकेट हवे असते आणि संध्याकाळची गाडी गाठायची असते. ते काम कोणत्या विभागाच्या कोणत्या कक्षात चालते, हे तिला ठाऊक नसते. आपल्या ॲपमध्ये मात्र इमारतींची अकारविल्हे यादी असते!

तिने ‘मायग्रेशन’ एवढेच लिहावे, आणि ॲपने खिडकी सांगावी, कामकाजाची वेळ सांगावी, जेवणाची सुट्टी केव्हा ते सांगावे, लागणारी कागदपत्रे सांगावीत, वाटेतले झेरॉक्सचे दुकान दाखवावे आणि मग रस्ता दाखवावा. रस्ता शेवटी येतो. नुसते ‘जयकर’ लिहिले तरी विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय सापडले पाहिजे, मराठीत लिहिले तरी आणि रोमन लिपीत चुकीचे स्पेलिंग लिहिले तरी.

रस्ता शोधण्याचे गणित जुने आहे. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांना ते १९५६ साली ॲमस्टरडॅममधल्या एका कॉफीगृहात वीसेक मिनिटांत सुचले, कागद-पेन्सिल न घेता. प्रसिद्ध झाले १९५९ साली. त्या गणितात प्रत्येक वाटेला एक किंमत द्यावी लागते, आणि आपली खरी कसोटी तिथे आहे. मीटर मोजून किंमत ठरवली, तर तीन पायऱ्यांची जवळची वाट स्वस्त ठरते. चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला ती बंद असते. उताराची चढण साधारणपणे एकास बारापेक्षा तीव्र नसावी, हा बांधकामातला सर्वमान्य दंडक आहे. आपल्या नकाशात किती उतारांची चढण नोंदलेली असते? रात्री कोणते फाटक बंद होते, कोणत्या वाटेवर दिवे नाहीत, जुलैत कुठे पाणी साचते, हे सगळे त्या किमतीत आले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. तेव्हा चाकाच्या खुर्चीला चालेल अशी वाट दाखवणे म्हणजे कुणावर उपकार नव्हे.

आता जीपीएसबद्दल. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन आपली जागा सुमारे पाच मीटरच्या आत सांगतो. दाट झाडीत, उंच भिंतींच्या कडेला संकेत अडतात, परावर्तित होतात आणि निळा ठिपका भरकटतो. इमारतीच्या आत तर त्याचा भरवसाच नाही. इमारतीच्या आत जागा सांगणारी महागडी बीकन यंत्रणा बसवण्याआधी प्रत्येक दाराशी आणि जिन्यापाशी क्यूआर कोडचा कागद लावा. तो स्कॅन केला की फोनला मजला आणि कोपरा दोन्ही कळतात. नकाशा फोनमध्येच साठवलेला असावा, म्हणजे रेंज गेली तरी माणूस अडत नाही.

नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९६०च्या ‘द इमेज ऑफ द सिटी’मध्ये दाखवून दिले की, माणसाच्या मनातले शहर वाटा, कडा, वस्त्या, चौक आणि खुणा यांनी बनलेले असते. विद्यापीठातही कुणाला विचारा, ‘अनिकेत कॅन्टीनवरून पुढे जा’ असेच उत्तर येईल. ‘दोनशे मीटर ईशान्येला’ असे कोणी सांगत नाही. ॲपनेही खुणांच्या भाषेत बोलावे. अंध विद्यार्थ्यासाठी तीच सूचना टॉकबॅकसारख्या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीने नीट वाचली गेली पाहिजे. नुसत्या चित्रातला बाण त्याच्या कामाचा नाही.

एका गोष्टीवर मी तडजोड मान्य करणार नाही. एखादी मुलगी वसतिगृहातून किती वाजता निघाली आणि कुठे थांबली, याची नोंद सर्व्हरवर जाता कामा नये. वाट काढण्याचे गणित फोनमध्येच करता येते. जी माहिती आपण साठवलीच नाही, ती चोरीला जात नाही आणि चौकशीच्या नावाखाली कुणी मागूही शकत नाही.

राहिला देखभालीचा प्रश्न. अशी ॲप बहुधा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून जन्मतात. मुले पदवी घेऊन जातात, विभाग दुसऱ्या मजल्यावर हलतो, नकाशा जुन्याच मजल्यावर राहतो. चुकीचा नकाशा नकाशा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस चालत राहतो. म्हणून विद्यापीठांना माझी विनंती आहे की, नकाशा सांभाळण्यासाठी पगारी माणूस नेमा, आणि कोणतेही कार्यालय हलवण्याच्या आदेशाची एक प्रत त्याच्याकडे गेलीच पाहिजे असा नियम करा.

आणि इथे बसलेल्या तरुण अभियंत्यांनो, प्रवेशाच्या दिवसांत आवारात पहिल्यांदाच पाऊल ठेवणारा एक विद्यार्थी गाठा. त्याच्या परवानगीने तुमचे ॲप त्याच्या हाती द्या आणि काही न बोलता त्याच्यामागून चाला. तो जिथे जिथे थांबून रखवालदाराला विचारेल, ती जागा टिपून घ्या. पुढच्या परिषदेला येताना ती यादी घेऊन या.