अश्वशक्ती किती असावी? दैनंदिन मोटारसायकल-प्रवासाचा एक हिशोब



आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या दक्षिणेस तेलंगण आणि उत्तरेस महाराष्ट्र. राज्ये दोन असली, तरी बाजारहाट, सोयरीक आणि भाषा यांचे व्यवहार दोन्ही काठांवर पूर्वापार चालत आले आहेत. किनवट आणि राजुरा हे तालुके तर १९५६ पर्यंत याच जिल्ह्याचे भाग होते. या काळ्या जमिनीच्या मुलखात एकेकाळी बैलगाडीने जी वाट तुडवली, ती आज मोटारसायकलने व्यापली आहे. फवारणीचे औषध आणावयाचे असो, दुधाचे कॅन पोचवावयाचे असोत, शाळा गाठावयाची असो किंवा आजाऱ्याला दवाखान्यात न्यावयाचे असो. सर्वांचा भार या दोन चाकांवर आहे.

कापूस विकून हाती पैसा येतो तेव्हा अनेक घरांत एक वाद उभा राहतो. वडिलांचे म्हणणे असते की, शंभर सी.सी.ची गाडी पुरे. मुलाचे म्हणणे असते की, गाडी घ्यावयाची तर ‘पॉवर’ची घ्यावी. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. मात्र नेहमीच्या वापराला किती अश्वशक्ती लागते याचा हिशोब दोघांपैकी कोणीच मांडलेला नसतो. खरेदी तर अनेक वर्षांच्या हप्त्यांनी घराला बांधून ठेवणारी असते, आणि कधी कधी तिची किंमत पैशांपलीकडे जाते. म्हणून हा हिशोब एकदा स्वच्छपणे मांडणे अगत्याचे आहे.

अश्वशक्ती हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. विहिरीवरचा पंप तीनचा की पाचचा, हे गावातील मूलही सांगते. वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याच्या कामाशी करण्याकरिता जेम्स वॅट याने अठराव्या शतकात हे माप रूढ केले. मेट्रिक मापाप्रमाणे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याचे काम म्हणजे एक अश्वशक्ती. विहिरीच्या भाषेत सांगावयाचे तर ७५ लिटर पाणी दर सेकंदाला एक मीटर वर चढवणे. चांगली बैलजोडी नांगर ओढताना सातत्याने सुमारे एका अश्वशक्तीच्या आसपासच काम करीत असते. हे प्रमाण ध्यानात ठेवले म्हणजे पुढील आकड्यांचा अर्थ सहज उमगेल.

सपाट रस्त्यावर समगतीने चालणाऱ्या मोटारसायकलला मुख्यतः दोन विरोधांशी झगडावे लागते. एक, टायर रस्त्यावर घरंगळताना होणारा विरोध. दुसरा, समोरून येणाऱ्या हवेचा. पहिला विरोध वेगाप्रमाणे फारसा बदलत नाही. दुसरा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो; आणि त्यासाठी खर्ची पडणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट केला की हवा कापण्यासाठी आठपट शक्ती लागते.

समजा, गाडीचे वजन ११० किलो आणि ताठ बसलेल्या स्वाराचे ७० किलो आहे. साधारण डांबरी रस्ता धरून गणित केले असता चाकापाशी लागणारी शक्ती अशी येते : ताशी ४० किलोमीटर वेगाला सव्वा अश्वशक्ती, ६० ला तीन, ८० ला साडेसहा आणि १०० ला बारा. चेन व गिअर यांत काही भाग वाया जातो, म्हणून इंजिनाकडून याहून थोडी अधिक शक्ती घ्यावी लागते. ताशी ५० च्या वेगाने बाजाराला जाणारा स्वार जेमतेम सवादोन ते अडीच अश्वशक्ती वापरतो. विहिरीवरच्या तीनच्या पंपापेक्षाही हे कमी झाले.

या गणिताचा पडताळा अनुभवातही मिळतो. आठ अश्वशक्तीची गाडी ताशी ८५-९० च्या पुढे का रेंगाळते, याचे कारण हेच. त्या वेगाला तिची सर्व शक्ती हवा कापण्यातच संपते.

आता घाटाचा प्रश्न. निर्मलकडील जुन्या रस्त्यावरचा महबूब घाट किंवा आसिफाबादकडे जाताना लागणारा केरामेरी घाट यांची आठवण देऊन मोठ्या इंजिनाचे समर्थन केले जाते. त्याचाही हिशोब पाहू. गाडी, दोन माणसे आणि ५० किलोचे पोते मिळून ३०० किलो वजन धरले, आणि दर पंधरा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता मानला, तर ताशी ३० च्या वेगाने चढण्यास सव्वातीन आणि ४० च्या वेगाने चढण्यास साडेचार अश्वशक्ती लागते. आठ अश्वशक्तीच्या गाडीला हे काम झेपणारे आहे. फक्त योग्य वेळी गिअर खाली आणला पाहिजे.

येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. पंपाच्या मोटारीवर लिहिलेली शक्ती ती सतत देण्यासाठी असते. मोटारसायकलच्या माहितीपत्रकात छापलेली शक्ती ही तिची कमाल शक्ती असते, आणि ती इंजिन अतिशय वेगाने फिरत असतानाच मिळते. शंभर सी.सी.च्या प्रचलित गाडीची आठ अश्वशक्ती मिनिटाला सुमारे आठ हजार फेऱ्यांना मिळते. दैनंदिन वापरात इंजिन त्याच्या निम्म्याच फेऱ्यांवर चालते. चढावर, चिखलात किंवा ओझे घेऊन उठताना उपयोगी पडतो तो कमी फेऱ्यांना मिळणारा चाक फिरवण्याचा जोर. त्याला यांत्रिक भाषेत टॉर्क म्हणतात. पहिल्या गिअरमध्ये हाच जोर कित्येक पटींनी वाढून चाकापर्यंत पोचतो. म्हणून वजन वाहणाऱ्याने विक्रेत्याला अश्वशक्तीबरोबर टॉर्क किती व तो किती फेऱ्यांना मिळतो हेही विचारावे.

देशातील मोटारसायकलींचा इतिहासही हेच सांगतो. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेल्या बुलेटची शक्ती अठरा, तर म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार झालेल्या जावाची बारा अश्वशक्तीच्या घरात होती. खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन वाहिले ते मुख्यतः राजदूतने. तिची शक्ती होती सुमारे साडेसात. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली पन्नास सी.सी.ची लूना त्याहूनही कितीतरी अशक्त. तरीही तिने असंख्य शिक्षकांना व कारकुनांना कामावर नेले. १९८५ मध्ये हीरो होंडाची सी.डी. १०० आली. राजदूतच्या १७३ सी.सी.च्या टू-स्ट्रोक इंजिनाइतकीच शक्ती तिचे ९७ सी.सी.चे फोर-स्ट्रोक इंजिन, बरेच कमी पेट्रोल पिऊन, देत असे. जपानमध्ये १९५८ साली निघालेली होंडाची सुपर कब अवघ्या साडेचार अश्वशक्तीची होती. त्या मालिकेचे उत्पादन २०१७ मध्ये दहा कोटींवर पोचले. जगातील सामान्य माणसाने आपली गरज किती, हे असे आपल्या खरेदीतून सांगून ठेवले आहे.

याचा अर्थ मोठी गाडी कोणीच घेऊ नये असा नव्हे. ज्याला नित्य राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून लांबचा प्रवास करावा लागतो, मालमोटारींच्या रांगेतून सुरक्षितपणे पुढे जावे लागते, ज्याच्या मागे बहुधा दुसरा माणूस बसलेला असतो, त्याला हाताशी थोडी शिल्लक शक्ती असणे हितावह आहे. अशा स्वाराला १२५ ते १५० सी.सी.ची, अकरा ते चौदा अश्वशक्तीची गाडी पुरेशी ठरते. त्यापुढील शक्ती ही गरजेची राहत नाही, हौसेची होते. हौसेला मोल नसते असे म्हणतात; पण हप्त्याला असते.

हे मोल तीन ठिकाणी चुकवावे लागते. पहिले पेट्रोलच्या पंपावर. वर्षाला ९,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ६० किलोमीटर देत असेल, तर १५० लिटर पेट्रोल लागते. ३५ देत असेल, तर २५७ लिटर. म्हणजे वर्षाकाठी शंभरावर लिटरचा फरक पडतो. दुसरे वजनात. आजच्या ३५० सी.सी.च्या बुलेटचे वजन १९५ किलो, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल आहे. पावसाळ्यात पांदणीच्या चिखलात अशी गाडी रुतली, तर एकट्या माणसाला ती काढणे कठीण जाते.

तिसरे मोल सर्वांत जड आहे. शक्ती वेगात उतरते, आणि वेग थांबवण्याचे काम ब्रेकला करावे लागते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगातील गाडी ब्रेक लागल्यानंतर सुमारे १२ मीटरांत थांबत असेल, तर ८० च्या वेगात तिला जवळजवळ ५० मीटर लागतात; दुप्पट वेगाला चौपट अंतर. शिवाय धोका ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ८० च्या वेगात तेवढ्यातच २२ मीटर मागे पडलेले असतात. सायंकाळी कापसाने भरलेली, मागे दिवा नसलेली बैलगाडी जेव्हा अंधारातून एकाएकी समोर येते, तेव्हा वीस अश्वशक्तीतील एकही अश्व स्वाराच्या मदतीला येत नाही. तेव्हा उपयोगी पडतात ते चांगले ब्रेक, न झिजलेले टायर आणि डोक्यावरचे हेल्मेट.

१२५ सी.सी.च्या वरील नव्या दुचाकींना ए.बी.एस. आणि त्याखालील गाड्यांना जोड-ब्रेकची व्यवस्था २०१९ मध्ये सक्तीची झाली. परंतु कोणतीही यंत्रणा गुळगुळीत टायरला पकड देऊ शकत नाही. पालकांनी हेही लक्षात ठेवावे की, गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळालेला असला पाहिजे. आणि कायद्याने चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. ट्रिपल सीट ही कोणत्याही अश्वशक्तीची सोय नव्हे.

अनेकदा तर गाडीची शक्ती कमी नसतेच, ती वाटेत हरवत असते. टायरमधील हवा कमी असणे, ब्रेक घासत राहणे, चेन सुकी वा सैल असणे, एअर फिल्टर धुळीने भरणे, क्लच घसरणे. यांतून आहे ती शक्तीही वाया जाते. नवी गाडी घेण्याआधी जुनीची एकवार नीट तपासणी करून घेतली, तर कित्येकांचा ‘पिकअप’ परत येईल.

शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य सोडवून घ्यावे. वर्ग, घन, वेग, शक्ती हे सारे पाठ त्यात आहेत, आणि उद्या गाडी मागणारा मुलगा आज त्याच वर्गात बसलेला आहे. उत्तर त्याने स्वतः काढले, तर घरातील वादाचे रूपांतर विचारात होईल. पालकांनी त्याच्यासमवेत कागद घेऊन बसावे : रोज किती किलोमीटर, कोणत्या रस्त्याने, किती वजन घेऊन, कोणत्या वेगाने? या चार प्रश्नांची खरी उत्तरे बहुतेक घरांत आठ अश्वशक्तीच्या आतच संपतील. त्यातून वाचलेल्या पैशातून पहिली खरेदी व्हावी ती दोन चांगल्या हेल्मेटची : एक चालवणाऱ्याचे, दुसरे मागे बसणाऱ्याचे.