शाळेऐवजी घर
(आकाशवाणीवरील भाषण)



मुलांना शाळेऐवजी घरी शिकवावं का, हा प्रश्न पुण्या-मुंबईत जुना झाला, आता तो आपल्या सांगली-साताऱ्यातही ऐकू येतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं एखादं तरुण जोडपं सहज सांगतं, "मुलीला शाळेतून काढायचं म्हणतोय. घरीच शिकवू. तिला चित्रकलेत गती आहे, सगळा दिवस शाळेत आणि शिकवणीत जातो." सांगणारे दोघेही चांगले शिकलेले असतात. समोर बसलेल्या आजोबांचा घास मात्र हातातच राहतो.

आजोबांचंही बरोबर आहे. हा कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुलूख. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात पहिला शाळेत गेलेला माणूस या संस्थेच्या आसऱ्याने शिकला. अशा मुलखात 'शाळा नको' म्हणायचं असेल तर त्याला तेवढंच भक्कम कारण हवं. ते कारण कधी असू शकतं आणि कधी नसतं, एवढंच आज बोलायचं आहे.

उदाहरण फार लांब जाऊन शोधायला नको. सांगलीतच आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर १९३०च्या दशकात बलवंत संगीत मंडळीसह सांगलीत स्थिरावले होते. मोठं घर, नाटक मंडळींचा राबता, मुलांची धावपळ. त्यांच्या कन्या आशाबाईंचा जन्म १९३३ मध्ये याच जिल्ह्यात झाला. थोरल्या लताबाई तेव्हा चार वर्षांच्या होत आल्या होत्या. त्यांच्या शाळेची गोष्ट त्यांनीच पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. घरातल्या विठ्ठल नावाच्या गड्याकडून त्यांनी मराठी मुळाक्षरं गिरवून घेतली. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा त्या दहा महिन्यांच्या आशाला कडेवर घेऊन वर्गात जाऊन बसल्या. तान्ह्या मुलांना इथे आणायचं नाही, असं मास्तरांनी सांगितलं. लताबाई रागाने उठल्या, बहिणीला घेऊन घरी आल्या आणि पुन्हा शाळेची पायरी चढल्या नाहीत.

एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. घरी शिकवण्याचं समर्थन करताना ती हमखास सांगितली जाते. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्या घरातली दुसरी गोष्ट. दीनानाथ एका शागीर्दाला पूरियाधनाश्री घोटायला सांगून बाहेर गेले होते. तो मुलगा गाताना चुकला. अंगणात खेळणारी लता आत आली आणि "असं नाही, असं" म्हणून तिने ती जागा गाऊन दाखवली. तेवढ्यात दीनानाथ परतले होते, त्यांनी ते ऐकलं. घरातच गाणारी असताना आपण बाहेरच्यांना शिकवत बसलो, असं ते पत्नीला म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुलीला उठवलं, हातात तंबोरा दिला आणि पूरियाधनाश्रीपासूनच तालीम सुरू केली.

यात मुलीच्या अंगच्या गुणाचं कौतुक आहेच. पण वडिलांचं बघा. नाटक कंपनीचा मालक, रात्री उशिरापर्यंत प्रयोग, कर्जाचे व्याप, आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तो माणूस शिकवायला उठून बसला. ते घर दिवसभर गाण्याने भरलेलं होतं. तालमी, हार्मोनियम, पदं, वाद, चुका, सगळं मुलांच्या कानांवरून जात होतं. तिथे कुणी वेळापत्रक लावलेलं नव्हतं, पण शिकवणाऱ्याचं लक्ष होतं.

आणि त्याच घराची पुढची हकीकतही सांगितली पाहिजे, कारण ती कुणी सांगत नाही. कंपनी बुडाली, सांगली सुटली, २४ एप्रिल १९४२ला पुण्यात दीनानाथ गेले. लताबाईंना तेव्हा तेरावं वर्ष लागलेलं होतं आणि पाठीवर चार भावंडं. हातात कुठलीही परीक्षा नाही, दाखला नाही. होता तो फक्त गळा. त्या सिनेमात कामं करू लागल्या ती हौसेने नव्हे. पुढे उर्दू उच्चारांवर कुणी बोट ठेवलं तेव्हा त्यांनी मौलवी ठेवून ती भाषा शिकून घेतली, म्हणजे शिक्षण शेवटपर्यंत चालूच राहिलं. पण प्रत्येक घरात लता नसते आणि प्रत्येक मुलीचा गळा घर चालवू शकत नाही. म्हणून 'लता कुठे शाळेत गेली होती?' असं कुणी विचारलं की मला ते बेजबाबदारपणाचं वाटतं.

घरी शिकण्याची आपली परंपरा त्याहूनही जुनी आहे, म्हणा. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच अक्षरं शिकवली आणि १८४८ मध्ये त्या पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. मिरजेच्या सतारमेकरांच्या घरांत आजही भोपळा पारखणं आणि जवारी लावणं मुलगा बापाशेजारी बसूनच शिकतो. ते कागदावर लिहून देता येत नाही. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता आजच्या काळातलं, ठरवून केलेलं उदाहरण घेऊ. मुंबईची मालविका जोशी. दादरच्या शाळेत सातवीत होती, अभ्यासात चांगली होती, मारून-मुटकून शाळेत पाठवावं लागत होतं असंही नाही. तरी आईने ठरवलं की हिला घरी शिकवायचं. आई कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती, ती नोकरी तिने सोडली आणि मुलीसाठी स्वतः अभ्यासक्रम आखला. निरनिराळे विषय करता करता मालविका संगणकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. त्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली. दहावी नाही, बारावी नाही. आयआयटीला बारावीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तिकडचं दार बंद. चेन्नईच्या गणित संस्थेने मात्र तिला वरच्या वर्गात बसू दिलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने प्रवेश दिला.

वर्तमानपत्रांनी 'शाळेत न जाता एमआयटी' असे मथळे दिले. त्या मथळ्यात आईची नोकरी नव्हती. ही गोष्ट मी जिथे जिथे पाहिली तिथे असंच दिसलं: घरी शिकवण्याचा निर्णय दोघांचा असतो आणि राजीनामा एकीचा. तेव्हा जे वडील उत्साहाने ही कल्पना मांडतात त्यांना माझा पहिला प्रश्न असतो, सकाळी दहा ते दुपारी दोन मुलापाशी कोण बसणार? उत्तरात स्वतःचं नाव येत नसेल तर विषय तिथेच थांबवावा.

दुसरा प्रश्न कागदाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण सक्तीचं आहे, पण ती सक्ती मुख्यतः सरकारवर आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं कायदा म्हणतो, न घातल्यास दंड सांगत नाही. घरी शिकवायला परवानगी देणारं कलम त्यात नाही आणि शिक्षा करणारंही नाही. म्हणजे काम चालतं, पण उद्या कुणी दाखला मागितला तर हातात काय, याचा विचार आधीच करून ठेवायला हवा. त्याची सोय आहे. आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. नापासांचा फॉर्म म्हणून त्याला उगीचच नाक मुरडलं जातं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेत चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव नोंदवता येतं. ती नोंदणी पाच वर्षं टिकते, तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडवता येतात. दिवसातले पाच-सहा तास मैदानावर घालवणाऱ्या मुलाला ही सवलत फार मोलाची आहे. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही देता येतात. हे सगळं मुलगी पंधरा वर्षांची झाल्यावर शोधत बसू नका.

मैदानाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या दोन जिल्ह्यांकडे बघा. इथली मोठी झालेली खेळाडू मुलं शाळेत जाऊनच मोठी झाली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती झाली. तिचे वडील गणिताचे शिक्षक. मुलीला मैदान मिळावं म्हणून कुटुंब खेडं सोडून साताऱ्यात राहायला आलं, धनुष्यबाणासाठी वडिलांनी कर्ज काढलं आणि सराव कुठे, तर उसाच्या शेतात उभ्या केलेल्या अकादमीत, प्रवीण सावंत यांच्याकडे. सांगलीजवळच्या माधवनगरची स्मृती मानधना भावाचा खेळ बघत बघत नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात गेली. तिच्या क्रिकेटचं वडील बघायचे, खाण्यापिण्याचं आई बघायची, नेटमध्ये भाऊ चेंडू टाकायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती. सांगलीच्याच संकेत सरगरच्या वडिलांची पानाची टपरी आणि चहाचा गाडा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात ५५ किलो गटात संकेतने एकूण २४८ किलो उचलले, कोपर दुखावलं असताना, आणि सुवर्णपदक एका किलोने हुकलं. धाकटी बहीण काजोलही त्याच वर्षी खेलो इंडियात वेटलिफ्टिंगचं सुवर्ण घेऊन आली. टपरी चालवून दोन मुलांचा खुराक सांभाळणं काय असतं, हे तालमीतल्या कुठल्याही वस्तादाला विचारा.

या तिन्ही घरांत शाळा सुटली नाही, पण घर मात्र मुलाच्या बाजूने पूर्ण उतरलं. आणि आणखी एक गोष्ट तिन्हीकडे आहे: आपल्याला येत नाही ते शिकवणाऱ्याकडे त्यांनी मूल वेळेवर सोपवलं. घरी शिकवणाऱ्या पुष्कळ पालकांचं इथेच अडतं. पाचवीपर्यंत आई-बाबा पुरतात. त्यानंतर गणिताला, तबल्याला, पोहायला, कुणीतरी जाणता लागतो, आणि बरोबरीची मुलंही लागतात, भांडायला आणि हरवायला. घरात एकटं वाढलेलं मूल पहिल्यांदा हरतं तेव्हा फार कोसळतं.

शिवाय स्वप्न कुणाचं, हेही तपासावं. मुलगी सहा महिन्यांनी म्हणाली की मला आता चित्रं काढायची नाहीत, मला कोंबड्या पाळायच्या आहेत, तर घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघा. 'एवढं सगळं तुझ्यासाठी सोडलं' हे वाक्य तोंडात आलं, तर ते स्वप्न तुमचं होतं. मुलांना मन बदलायची मुभा मिळावी, हाच तर घरी शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता शेवटचं. गावातले शिक्षक दरवर्षी शाळेत न जाणाऱ्या मुलांचं सर्वेक्षण करतात. त्या नोंदवहीत 'शाळाबाह्य' असा रकाना असतो. विचार करून घरी शिकवलेलं डॉक्टरांचं मूल त्यात बसतं आणि उसाच्या फडात आईबापांमागे आलेलं मूलही त्यातच बसतं. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. बीडकडून, तशाच आपल्याच जत, आटपाडी, माण, खटाव भागांतून टोळ्या येतात, कोप्या पडतात, आणि सात-आठ वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्या भावाला सांभाळत बसते. कडेवर भावंड घेतलेल्या या मुलीपुढे निवड कुणी ठेवलीच नव्हती. तिचं घर तिला शिकवू शकत नाही, कारण तिचे आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात गेलेले असतात.

ज्यांना स्वतःच्या मुलांना घरी शिकवायचं आहे त्यांनी जरूर शिकवावं, वर सांगितलेल्या दोन-तीन गोष्टींची तयारी ठेवून. पण अशा घरांत वेळ असतो, पुस्तकं असतात, शिकवायची हौस असते. तुमच्या गावाशेजारी या हंगामात टोळीचा तळ पडला तर एकदा तिथे जाऊन या. मुलं किती, कोणत्या इयत्तेतली, हे विचारा आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवा. हंगामापुरतं त्यांना वर्गात बसवण्याची तरतूद आहे. टोळीतल्या मुलांसाठी साखरशाळा चालू असेल तर तिथे आठवड्यातून दोन दुपारी मुलांना वाचून दाखवायला माणूस हवाच असतो. तुमच्या घरी शिकणाऱ्या मुलालाही बरोबर घेऊन जा.