सोने का पालना



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

मी आज एका म्हणीविषयी बोलणार आहे. ‘जालना, सोने का पालना.’ बाहेरगावाहून सून होऊन आलेल्या बहुतेकींनी ती लग्न ठरतानाच ऐकली असेल. 1998 साली माझे ठरले, तेव्हा मामांनी हीच म्हण सांगून आईचा होकार मिळवला.

म्हण मराठी नव्हे. मराठीत पाळणा म्हटले की यमक मोडते. ही बाजारातली हिंदुस्थानी. अडते, विणकर, हमाल सारे जी बोलत तीतली. गावाचे नावही एका धनवान जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून, पडले असे सांगतात. सोने हे खाणीतले नव्हे, पेठेतले. 1679 साली शिवाजी महाराजांनी ही पेठ लुटली. रिकाम्या घरावर का कोणी चालून येते? पुढे कापूस आला, 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांची बियाण्याची कंपनी निघाली, आता लोखंडी सळया आहेत. माल बदलला, म्हण तीच राहिली.

आता माझा पालना सांगते. थोरला झाला तेव्हा सासूबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधली आणि म्हणाल्या, “घे गं, तुझा सोने का पालना!” सगळ्या हसल्या. मला रडू आले. पुढे जावेच्या वेळी मीही तेच म्हटले, ते सोडा.

2013 च्या दुष्काळात आमची मोसंबीची दोनशे झाडे होती. टँकरच्या पाण्यासाठी माझ्या बांगड्या आणि पोत गहाण पडली. झाडे एप्रिलपर्यंत तगली, मे महिन्यात वाळली. दोन उन्हाळे चुलीत मोसंबीचेच सरपण जळले. 2016 साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या रानात कपाशी उभी होती. बांगड्या सोडवल्या, पोत राहिली ती राहिलीच.

मागल्या महिन्यात थोरल्यासाठी मुलगी पाहायला गेलो. मुलीच्या आईने मला बाजूला घेऊन विचारले, “उन्हाळ्यात पाण्याचे कसे असते हो?” मामांनी म्हण सांगायला तोंड उघडले होते. मी त्यांना डोळ्यांनीच थांबवले आणि म्हटले, “टँकर येतो. रांगेत उभे राहावे लागते. मीही राहते.”

त्यांचा निरोप अजून आलेला नाही.