शेवटच्या हातापर्यंत : पुरवठादार, मानके आणि आपण



कै. सरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी भाषेचा आणि साहित्याचा अध्यापक. उद्योग, व्यापार, कामगार कायदा हे माझ्या अधिकाराचे प्रांत नव्हेत. तरीही आज मी विषय निवडला आहे तो मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांनी पाळावयाच्या श्रमविषयक, सुरक्षाविषयक आणि पर्यावरणविषयक मानकांचा. याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. त्याचे कारण सरांच्याच एका आठवणीत आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेच्या गणवेशासाठी तीन निविदा आल्या होत्या. त्या बैठकीला पालकांचा प्रतिनिधी म्हणून मी उपस्थित होतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी, असे बहुतेकांचे मत होते. सरांनी दोन दिवसांची मुदत मागितली आणि गणवेश जिथे शिवले जाणार होते ती जागा ते स्वतः पाहून आले. पुढच्या बैठकीत ते एवढेच म्हणाले, "या दरात कापड तरी हलके असेल, किंवा शिवणाऱ्या बायकांची मजुरी तरी बुडत असेल. कापड मी हाताने पाहिले. ते चांगले आहे." बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग दुसरी निविदा मंजूर झाली.

आज जगभर ज्या विषयावर जाडजूड अहवाल लिहिले जातात, त्याचे सार सरांच्या त्या तीन वाक्यांत होते असे मला वाटते.

पूर्वी गिरणीचा मालक, गिरणीचे फाटक आणि गिरणीचा कामगार एकाच गावात असत. आज नामवंत कंपनी पुष्कळदा स्वतः काहीच बनवीत नाही. तिच्या नावाचा सदरा एका देशात विणला जातो, दुसऱ्या देशात रंगवला जातो आणि तिसऱ्या देशात शिवला जातो. कंपनीचा करार असतो पुरवठादाराशी. पुरवठादाराचा उपकंत्राटदाराशी, उपकंत्राटदाराचा आणखी कोणाशी. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पायताणे, कपडे आणि खेळणी बनवणाऱ्या कारखान्यांतील परिस्थिती उजेडात येऊ लागली, तेव्हा कंपन्यांनी पुरवठादारांसाठी आचारसंहिता तयार केल्या. त्यांतील कलमे सर्वत्र सारखीच आहेत : बालमजुरी नको, वेठबिगार नको, वेतन वेळेवर द्यावे, कामाच्या तासांना मर्यादा असावी, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी, सांडपाणी शुद्ध केल्याविना सोडू नये. संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ मध्ये यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आपल्याकडे केंद्र शासनाने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि सेबीने शेअर बाजारातील अग्रगण्य १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून या बाबतीत अहवाल देणे बंधनकारक केले.

हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु कागद आणि वास्तव यांच्यात किती अंतर पडू शकते, याची दोन उदाहरणे आपल्या शेजारीच घडली.

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील एका कपड्यांच्या कारखान्यास आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होते. अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या कारखान्याला एका आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते. दुसरे उदाहरण ढाक्याजवळील साभार येथील राणा प्लाझा या इमारतीचे. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरील बँकेने आपल्या नोकरांना घरी पाठवले. दुकाने बंद झाली. वरच्या मजल्यांवरील शिवणकामाच्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावण्यात आले. २४ एप्रिल रोजी इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक जीव गेले. तेथील काही कारखान्यांची सामाजिक तपासणी पूर्वी झालेली होती. पण इमारतीची मजबुती हा त्या तपासणीचा विषयच नव्हता.

बँकेच्या कारकुनाला त्या दिवशी घरी बसता आले आणि शिवणाऱ्या मुलीला बसता आले नाही, हा भेद कशामुळे पडला? केवळ एखाद्या मालकाच्या क्रौर्यामुळे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या मालकाच्या मानेवर माल रवाना करण्याची तारीख होती. तारीख चुकली तर दंड, किंवा माल विमानाने पाठवण्याचा खर्च, किंवा पुढची मागणीच रद्द. आचारसंहिता खरेदीदाराच्या एका विभागातून येते, दर आणि तारीख दुसऱ्या विभागातून. पुरवठादाराने दोन्ही पाळावयाची असतात, आणि दोन्ही पाळणे जेव्हा अशक्य होते, तेव्हा काय मोडते हे सांगावयास नको. लहान पुरवठादाराची बाजूही येथे ऐकली पाहिजे. चार ग्राहकांच्या चार संहिता, चार तपासण्या, त्यांचा खर्च बहुधा त्याच्याच माथी. आणि मालाचा दर मात्र आहे तोच. अशा स्थितीत तो दोन वह्या ठेवू लागतो : एक तपासनिसासाठी, एक खरी.

राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि परदेशी ब्रँड यांच्यात जो करार झाला, तो म्हणूनच वेगळा होता. तो कायद्याने बंधनकारक होता. तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी करावयाची होती, अहवाल प्रसिद्ध होत होते, धोकादायक जागी काम नाकारण्याचा हक्क कामगाराला होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुरुस्ती पुरवठादाराला आर्थिकदृष्ट्या शक्य होईल हे पाहण्याची जबाबदारी खरेदीदारांनी लेखी मान्य केली होती. सुमारे दोनशे कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. मानक खालच्यावर लादावयाचे नसून वरच्यानेही स्वतःवर लावून घ्यावयाचे असते, ही जाणीव त्यात स्पष्टपणे उमटली.

जे माणसाचे, तेच नदीचे. तमिळनाडूतील तिरुपूर हे होजिअरीचे मोठे निर्यातकेंद्र. तेथील रंगणी कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी आणि तिच्या खालच्या अंगाची शेती बिघडली. शेतकरी न्यायालयात गेले. अखेरीस जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगणी कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. कापड स्वस्त होते याचा अर्थ पाणी शुद्ध करण्याचा खर्च वाचला होता असा नव्हे. तो शेतकऱ्याच्या विहिरीने भरला होता.

मित्रहो, कराची, ढाका, तिरुपूर ही गावे दूरची आहेत. आता मला आपल्या दाराशी यावयाचे आहे.

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, तशा आपल्या बेळगाव जिल्ह्यातही येतात. गावाबाहेर कोप्या पडतात. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते. मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरली जाते. मी तीस-पस्तीस वर्षे ग्रामीण आणि दलित साहित्य शिकवले. माझ्या वर्गाच्या खिडकीखालून उसाच्या गाड्या जात. त्या गाडीवर झोपलेले मूल कोणत्या शाळेत जाते, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. ही कबुली आज देणे मला आवश्यक वाटते.

भाषेच्या अध्यापकाने निदान शब्दांकडे तरी पाहावे. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादमाच्या वहीत दोन जिवंत माणसांची नोंद एका हत्याराच्या नावाने होते. हंगामापूर्वी मिळते ती 'उचल', आणि ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते. आजारपणात एक दिवस चुकला तर तो 'खाडा'. त्याचे पैसे अंगावर चढतात. ऊस शेतकऱ्याचा, तोडणीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होणारा, व्यवस्था कारखान्याची, अधिकार मुकादमाचा. मालक मात्र कोणीच नाही! उत्तरदायित्व टाळण्याची इतकी परिपूर्ण रचना क्वचितच आढळेल.

तिचे परिणाम २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्रापुढे आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची मागील दहा वर्षांत ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही विश्रांती नाही, दुखणे अंगावर काढावयाचे आणि खाड्याची धास्ती. या परिस्थितीत पोटातील अवयव हाच अडथळा वाटू लागावा, याहून अधिक काय सांगावयाचे? मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हाच विषय मांडला, तेव्हा जगप्रसिद्ध शीतपेयांच्या कंपन्यांची नावे त्यात आली, कारण महाराष्ट्राची साखर त्यांच्या बाटल्यांपर्यंत पोहोचते. त्या कंपन्यांच्या पुरवठादारांसाठीच्या आचारसंहिता आहेत. त्यांत वेठबिगारी आणि बालमजुरी निषिद्ध आहे. पण कंपनीचा कागद कारखान्याच्या फाटकाशी थांबतो, आणि कोपी फाटकापासून फार दूर असते.

येथे एक आक्षेप घेतला जातो. ही मानके म्हणजे पाश्चात्त्यांनी आपल्या व्यापाराच्या वाटेत घातलेले अडथळे आहेत, असे म्हणतात. आक्षेप नवा नाही. १८८१ मध्ये हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला, तेव्हा त्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होता. सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तास, ही त्या कायद्याची मुख्य कलमे. तरीही मुंबईच्या मालकांनी देशी उद्योगाच्या नावाने त्याविरुद्ध ओरड केली. त्या वेळी महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी काय केले? त्यांनी लँकेशायरचीही बाजू घेतली नाही आणि मुंबईकर मालकांचीही नाही. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारो सह्यांचे निवेदन सादर केले : आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मान्य झाली. कायद्यामागचा हेतू कोणाचा, हे इतिहासकार तपासतील. रविवार मात्र कामगाराला मिळाला, आणि तो मिळाला कारण मागणी त्याच्या स्वतःच्या तोंडून आली.

उत्तरदायित्व वरपर्यंत नेण्याचे तत्त्वही परके नाही. कंत्राटी कामगारांविषयीच्या आपल्या १९७० च्या कायद्यात कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यावी, असे म्हटले होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व कायम आहे. ज्याच्यासाठी काम होते, त्याला 'मी ओळखत नाही' असे म्हणता येणार नाही, हे आपल्याच कायद्याने केव्हाच मान्य केले आहे.

म्हणून कोणतेही मानक पाहताना मी तीन प्रश्न विचारावे असे सुचवतो. दिलेल्या दरात ते पाळणे शक्य आहे का? दिलेल्या मुदतीत ते शक्य आहे का? आणि ज्या शेवटच्या हाताने काम केले, त्या हाताच्या धन्याला, किंवा धनिणीला, आपल्या भाषेत आणि निर्भयपणे तक्रार करता येते का? या तिन्हींचे उत्तर 'होय' नसेल, तर भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र केवळ शोभेचे आहे.

हे प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांसाठी नाहीत. शाळा हीसुद्धा एक खरेदीदार आहे. गणवेश, बाके, वह्या, स्वच्छतेचे कंत्राट या सर्वांच्या मागे कोणीतरी शेवटचा हात आहे. सरांनी जे एकदा स्वतः जाऊन पाहिले, ते पाहण्याची पद्धत संस्थेने कायमची ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

आणि एक विनंती. हंगामात येथे येणारी टोळ्यांची मुले मराठी बोलतात. ज्या गावी त्यांची कोपी पडते, तेथील शाळा पुष्कळदा कन्नड माध्यमाची असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्यातही प्रवेश नाकारता येत नाही. त्यांची भाषा बोलणारी शाळा ही आहे. बालमजुरी निषिद्ध असल्याचे कलम कंपनीच्या कागदावर कितीही ठळक अक्षरांत असले, तरी त्या मुलाला बसावयास बाक मिळाल्याविना ते खरे होणार नाही. येत्या हंगामात शिक्षकांनी जवळच्या कोप्यांपर्यंत जावे, आणि चार महिन्यांसाठी का होईना, त्या मुलांची नावे आपल्या पटावर घ्यावीत. मुकादमाच्या वहीत ज्यांचे आईबाप 'एक कोयता' आहेत, त्या मुलाचे नाव निदान एका वहीत पूर्ण लिहिले जाईल.

सरांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन मला सुचत नाही.